ठेवणीतली तान

नाटक कंपनी बंद पडली तेव्हा शालूबाई चाळिशीला टेकल्या होत्या. गळा अजून तयार होता, पण सांगलीत संगीत नाटकाला उतरती कळा लागलेली. अशात चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चांदसाहेबांनी त्यांना गाठलं. ते फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या क्लबात ते शनिवारी संध्याकाळी जुनी इंग्रजी गाणी वाजवत आणि गायला त्यांना बाई हवी होती.

"जॅझ म्हंत्यात त्याला. बाई, दुःख त्येच हाय, नुसती भाषा निराळी," ते म्हणाले.

शालूबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. चांदसाहेबांकडे कुणा मडमेची जुनी तबकडी होती. सोडून गेलेल्या माणसासाठी ती रात्रभर दिवा ठेवते, असं गाणं. मिरजेत चांदसाहेबांच्या खोलीवर ते ऐकून ऐकून शालूबाईंनी शब्द पोपटासारखे घोकले.

घरी मात्र त्या खोटं बोलत. घरी त्यांच्या गुरू, हरणाबाई, अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. पोटच्या पोरीसारखं त्यांनी शिकवलं, म्हणून शालूबाईच त्यांचं सगळं करत. "भजनाला जाते हं, आई," म्हणत आणि नजर चुकवून दार ओढून घेत.

एका शनिवारी क्लबात कुणाचंच गाण्याकडे लक्ष नव्हतं. बशांवर काटे-चमचे वाजत होते, मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. शालूबाईंना ते सोसेना. शेवटच्या ओळीवर त्यांनी हरणाबाईंची ठेवणीतली तान घेतली. "ही बाजारात मांडू नकोस," असं बजावून दिलेली. तिचा उतार तर हरणाबाईंनी शिकवलाच नव्हता. तुझी अजून तयारी नाही, म्हणायच्या.

चमचे थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

परतीच्या एसटीत शालूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. कुणी ओळखेल म्हणून नव्हे. स्वतःचीच लाज वाटत होती.

सोमवारी दुपारी तालमीला चांदसाहेबांनी तबकडी लावली. शेवटच्या ओळीवर मडमेनं तान घेतली.

तीच.

चांदसाहेबांनी सुई उचलली. पुन्हा ठेवली. पुन्हा तीच तान.

"बाई, ह्ये आदी न्हवतं."

"नव्हतं."

"मग कवा आलं?"

या वेळी सुई कुणी उचलली नाही. तान वर गेली, क्षणभर थबकली आणि उतरू लागली. हा उतार शालूबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. पण तो कुणाचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्या तडक सांगलीला घरी निघाल्या. आज हरणाबाईंचे पाय धरायचे, सगळं कबूल करायचं. पेठेतून हळदीचा धुरळा उडत होता, उन्हानं डोळे दिपत होते. दाराशी येताच त्या थांबल्या.

आत कुणीतरी गात होतं.

घरात रेडिओ नव्हता. शब्द इंग्रजी होते, स्वच्छ. शालूबाई जिथं नेहमी अडखळत, तिथंही न अडखळणारे. मग पुढचं कडवं आलं. ते तबकडीवर नव्हतं.

आवाज तरुण होता.

"आई?"

गाणं तुटलं.

अंथरुणावर हरणाबाई एकट्याच होत्या. शालूबाई त्यांच्या पायांशी बसल्या. "चुकलं माझं," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

हरणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चोरी पकडली जावी तशी हरणाबाईंचीच मान खाली गेली. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

पदराखाली ओठ हलतच होते, त्याच गाण्याच्या लयीत.