धूरपाल

हणमंत शेलार जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या खांद्याला दोन पिशव्या होत्या. एकीत घरोघरच्या छतांवरून उतरवलेली गोल, पांढरी धूरसूचक यंत्रं. दुसरीत भोकं पाडलेले स्टीलचे डबे, आणि प्रत्येक डब्यात एक जिवंत पाल. संध्याकाळपर्यंत साताऱ्यातल्या सोळा घरांत त्याला पाली सोडायच्या होत्या. त्यातल्या निदान चार घरांत कोणी ना कोणी पलंगावर चढणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात एक निवृत्त फौजदार ओट्यावर चढले होते आणि तिथूनच त्यांनी कागदावर सही केली होती.

कारखानीसांकडे कोणीच चढलं नाही.

दार सुनेनं उघडलं, ऋजुतानं. "यंत्र बदलायला आलोय. आता पाल मिळते," हणमंत म्हणाला.

"बरं," म्हणून ती बाजूला झाली.

सासरे मिलिंदराव बंद टीव्हीकडे बघत बसले होते. सासूबाई, वर्षाताई, खाली बसून मेथी निवडत होत्या. दांड्या परातीत पडत होत्या आणि पानं कचऱ्यात.

छतावर नुसता गोल डाग होता. "जुनं यंत्र कुठंय?"

"गव्हाच्या पिंपात. टॉवेलात गुंडाळून ठेवलंय," ऋजुता म्हणाली. "मिनिटामिनिटाला टिक टिक करत होतं. घर माणसांनी भरलेलं, म्हणून मामंजींनी काढलं. तन्मयला आणलं, त्या दिवशी. माझा नवरा. अपघात झाला. तीन महिने झाले."

दूधवाल्याचा नंबर सांगावा तसं तिनं हे सांगितलं. हणमंतला खालच्या बेकरीवाल्याचं बोलणं आठवलं. हणमंत वर येत असताना तो म्हणाला होता, "मोठी धीराची माणसं बघा. एकुलता एक पोरगा गेला, पण डोळ्यांत टिपूस नाही."

पिंपातलं यंत्र हणमंतनं पिशवीत टाकलं. सगळीकडे हेच होतं. दहा वर्षांनी यंत्रातला वायू ओळखणारा भाग निकामी होतो, मग 'मला बदला' म्हणून ते टिकटिकतं, आणि लोक यंत्र बदलायच्या ऐवजी त्याचं तोंड बंद करतात. कोणी बॅटरी काढतं, कोणी गादीखाली दाबतं. एका गृहस्थांनी तर फ्रीजमध्ये ठेवलेलं सापडलं होतं, लोणच्याशेजारी. शेवटी पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं हात टेकले आणि बॅटरीच नसलेलं यंत्र काढलं. पालीच्या रक्तात एक जादा प्रथिन घातलं. धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे वास नाही, रंग नाही असा तो विषारी वायू, हवेत वाढला की या प्रथिनामुळे तिचा घसा खवखवतो आणि ती चुकचुकत राहते. तिचं नाव धूरपाल. डास खाते, पगार मागत नाही.

"गॅरंटी किती वर्षांची?" मिलिंदरावांनी विचारलं.

"आठ, काका. शेपूट तुटली तर गॅरंटीत बसत नाही."

या वाक्याला सगळीकडे हसतात. मिलिंदरावांनी फक्त मान हलवली.

हणमंतनं डबा भिंतीला लावला. पाल सरसर वर गेली, ट्यूबलाइटमागे थांबली आणि तिथूनच बोलली, "चुक् चुक् चुक्."

वर्षाताईंनी फरशीवर तीनदा बोटं आपटली. "कृष्ण कृष्ण."

मिलिंदरावांनी सोफ्याच्या हातावर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण."

ऋजुतानं दाराच्या चौकटीवर. हणमंतनंही भिंतीवर बोटं आपटली. आईनं लहानपणी लावलेली सवय, पाली विकून पोट भरायला लागलं म्हणून सुटते थोडीच? मग त्यानं फॉर्म काढला आणि मोबाइल नंबर विचारला.

पाल पुन्हा चुकचुकली. पुन्हा चार ठिकाणी टकटक, पुन्हा कृष्ण कृष्ण.

"काकू, एक सांगायचं राहिलं," हणमंत लिहिता लिहिता म्हणाला. "ही बोलली की खिडकी उघडायची. कृष्ण कृष्ण म्हणून भागत नाही."

"म्हटलं तर काय बिघडतं?"

"बिघडत काही नाही. पण म्हटलं की माणसाला वाटतं, आपलं काम झालं."

"चुक् चुक् चुक्," पाल म्हणाली, आणि हणमंतचं बोट भिंतीपाशी जाता जाता हवेतच थांबलं.

त्यानं पिशवीतून हातात धरायचं मोजयंत्र काढलं. आकडा नऊच्या खाली हवा. एकसष्ट होता.

"उठा! सगळे गच्चीवर चला. काकू, राहू द्या ती भाजी!"

तिघं उठले, पण बसची वेळ झाल्यासारखे सावकाश. त्यानं खिडक्या उघडल्या, अँब्युलन्सला फोन केला आणि खाली ओरडून बेकरीची भट्टी विझवायला लावली. मग गच्चीतून, जाळीचा कोपरा उचलून, डक्टमध्ये, म्हणजे न्हाणीघरांमागच्या उभ्या पोकळीत, वाकून बघितलं तेव्हा उलगडा झाला. भट्टीच्या धुराड्याचा सांधा पहिल्या मजल्यापाशी सुटला होता. वायू वर निघून गेला असता, पण डक्टच्या तोंडावरच्या जाळीत कबुतरांनी घरटी करून ती गच्च बुजवली होती. म्हणून तो गेले काही महिने कारखानीसांच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून रोज दिवसभर आत येत होता. माणूस मरेल इतका नव्हता. डोकं जड करण्याइतका, झोपाळू करण्याइतका, काहीच वाटू नये इतका होता.

गच्चीत थंडगार वारा होता. अर्ध्या तासानं ऋजुता इकडेतिकडे बघायला लागली, जसं कोणी गाडीत झोपून भलत्याच स्टेशनावर उतरावं.

"आई," ती म्हणाली, "तन्मयचा फोन कुठंय? त्याच्यात त्याचा आवाज..." आणि ती एकदम खाली बसली. जो आवाज तिच्यातून निघाला तो ऐकून बेकरीवाला जिन्यातच थबकला. मिलिंदराव कठड्याला धरून वाकले आणि पोराला नावानं हाका मारायला लागले, जणू तो खाली रस्त्यावर आहे.

अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी तिघांच्या बोटांना रक्तातला वायू मोजायचे चिमटे लावले, प्राणवायूचे मुखवटे दिले. वर्षाताईंनी मुखवटा हातातच धरला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता, बधिर हातात रक्त परतताना मुंग्या याव्यात तसा.

"दादा," त्यांनी हणमंतला जवळ बोलावलं. "हे जे आत्ता सुरू झालंय, ते किती दिवस राहतं?"

"वायू रक्तातून उद्यापर्यंत जाईल, काकू."

"वायूचं नाही विचारत मी."

हणमंतनं हातातल्या मोजयंत्राकडे बघितलं. त्या विचारत होत्या त्याचं माप त्यात नव्हतं.

"धुराडं कधी दुरुस्त करणार?" वर्षाताईंनी विचारलं.

"आज सांधा बसवतील. उद्या सकाळी जाळी साफ करतो. मग भट्टी पेटवायला हरकत नाही."

वर्षाताईंनी सुनेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग डक्टच्या तोंडाकडे, आणि उचललेल्या कोपऱ्यातून खाली, सुटलेल्या सांध्याकडे. खूप वेळ.

"घरट्यात पिल्लं असतील हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती उडून जाईपर्यंत आहे ते आहे तसं राहू दिलं, तर नाही का चालणार?"