डोरन पार्कचा सहावा डाव

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्याबरोबर घडली तो व्हर्न कोस्टका आज शहाऐंशी वर्षांचा आहे. कानाने थोडं कमी ऐकू येतं, पण डोकं लख्ख आहे. थापा मारणं त्याच्या स्वभावातच नाही. मासे धरायला गेला आणि एकही गळाला लागला नाही, तर तो तसंच सांगतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोक मध्यरात्र शोधतात.

ही भर दुपारी घडली.

रविवार, २२ ऑगस्ट १९७१. ओहायोतलं आमचं पोलाद कारखान्याचं गाव, आणि गावातलं बेसबॉलचं जुनं मैदान, डोरन पार्क. साडेतीन हजार माणसं बघत होती. तरीही कुणालाच काही दिसलं नाही...

पार्क १९७९ साली पाडलं. आता तिथे हार्डवेअरचं दुकान आहे आणि समोर गाड्या लावायची जागा. पण दर ऑगस्टमध्ये आम्ही सात-आठ जुने शौकीन पलीकडच्या डायनरमध्ये जमतो, कॉफी मागवतो आणि पार्कच्या खोड्या आठवत बसतो. खोड्या काही कमी नव्हत्या. उजव्या बाजूला मैदान चक्क चढावर होतं.

"त्या चढावर आपला लठ्ठ रूडी धावायचा ना," हार्लन म्हणाला, "वर पोचेपर्यंत चेंडू म्हातारा व्हायचा!"

"आणि खांबामागची माझी सीट?" थेल्मा म्हणाली. "अकरा वर्षं चेंडू फेकणारा पिचर पाहिला नाही मी. नुसता त्याचा डावा कोपर."

"तरी शिव्या त्यालाच घालायचीस."

"कोपरावरून माणूस कळतो, हार्लन. तुझाही कळतो."

मग कुणीतरी धावफलकाचा विषय काढतं. दर वर्षी काढतंच. आणि दर वर्षी व्हर्न हात धुवायच्या निमित्ताने उठून जातो.

या वर्षी तो उठला नाही.

कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून त्याने सगळं सांगितलं. डोलोरेस, त्याची बायको, गेल्या मार्चमध्ये गेली. तिच्या जिवात जीव असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं म्हणे.

डोरन पार्कचा धावफलक म्हणजे मैदानाच्या डाव्या भिंतीत बसवलेली पत्र्याची तीन मजली खोली. आत दोन माणसं. बाहेरच्या चौकटींत आकड्यांच्या लोखंडी पाट्या अडकवायच्या, आणि चौकटींच्या फटींतूनच खेळ बघायचा. पंखा नाही, फोन नाही. दार एकच, आणि तेही मैदानात उघडणारं. एकदा चालू खेळात ते वाऱ्याने उघडलं आणि धावत आलेल्या खेळाडूचा खांदा मोडला. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी.

तीन खेळाडू बाद झाले की एका टीमचा डाव संपतो आणि टीम जागा बदलतात. तेवढ्या दोन मिनिटांत मैदान राखणारा हॉइट येऊन कडी काढायचा. पाणी द्यायचं, कुणाला बाहेर पडायचं असेल तर सोडायचं. पुन्हा कडी.

तिसरा बाद होईपर्यंत आतला माणूस आतच.

ते काम तीस वर्षं व्हर्नचा सासरा करत होता. एमिल हुडाक. मनाने सोनं, जिभेने करवत. जावई त्याला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता.

त्या दिवशी सकाळी डोलोरेसने व्हर्नला स्वयंपाकघरात गाठलं. वडिलांना ती पॉप म्हणायची.

"पॉपच्या छातीत दुखतंय. सांगत नाहीत, पण शर्टाची बटणं लावताना थांबले होते. आज तू त्यांच्याबरोबर आत जा."

"मला ते आत घेतील?"

"शिव्या देतील आणि घेतील. व्हर्न, त्यांना नीट घरी आण. एवढंच."

म्हाताऱ्याने शिव्या दिल्या आणि घेतलं.

"सातची पाटी उलटी धरलीस," आत गेल्यागेल्या तो म्हणाला. "माझ्या पोरीने तुझ्यात काय पाहिलं ते तिलाच माहीत."

"सात उलटा कसा धरणार, पॉप?"

"तुला जमलंय ना? मग मला काय विचारतोस?"

पाच डाव असेच गेले. पत्रा तापून त्याला हात लाववेना. सहाव्या डावात पाहुणी टीम खेळायला आली. पहिला बाद झाला. दुसरा बाद झाला. आणि म्हातारा बोलायचा थांबला.

व्हर्नने वळून पाहिलं. एमिल खोक्यावर बसला होता. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, डावा हात पोटाशी धरलेला.

"पॉप?"

"काही नाही. किती बाद?"

"दोन."

"मग झालंच. तिसरा झाला की हॉइटला हाक मार."

खेळायला आला होता ड्वायर नावाचा एक उंच गडी. त्याने पहिलाच चेंडू उंच उडवला. डाव्या रेषेच्या जरासा बाहेर, अगदी सोपा झेल. आपला खेळाडू चेंडूखाली येऊन उभासुद्धा राहिला.

व्हर्नला घाई झाली होती. साहजिकच होती. धाव एकही झाली नव्हती; डाव संपलाच असं धरून त्याने शून्याची पाटी उचलली आणि सहाव्या डावाच्या चौकटीत अडकवली.

"नको!" एमिल ओरडला. "हातात येऊ दे आधी..."

चेंडू खेळाडूच्या हातमोज्यात पडला.

आणि बाहेर आला.

प्रेक्षक हळहळले. रेषेबाहेर सुटलेला झेल म्हणजे फाऊल. ड्वायर बाद नाही, पुन्हा खेळणार. त्यात विशेष काही नव्हतं. पण एमिल त्या शून्याकडे बघत होता.

"काढ ते."

व्हर्नने पाटी ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढली. हात भाजले, पण पाटी जागची हलली नाही.

"क्लेमने हेच केलं होतं," एमिल हळूच म्हणाला.

क्लेम फिंच हा एमिलच्या आधीचा धावफलकवाला. १९४० सालच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी त्याने तिसरा बाद व्हायच्या आधी शून्य लावलं. डाव संपला, दार उघडलं, तर तो तिसऱ्या मजल्यावर मरून पडला होता. तेव्हापासून वरच्या मजल्यावर कुणी जात नसे. शिडीच्या तोंडाशी फळी ठोकली होती.

"पॉप, उन्हामुळे असं वाटतंय तुम्हाला. आत्ता होईल बाद."

टक.

फाऊल.

टक.

फाऊल.

फाऊलला अंत नाही. खेळाडू कितीही वेळा चेंडू रेषेबाहेर मारू शकतो, तो बाद होत नाही आणि पुढेही जात नाही. व्हर्न मोजायला लागला. आठ. नऊ. चौदा. मागच्या रुळांवरून रोजची मालगाडी गेली, पत्रा थरथरला. तेवीस. चोवीस. एमिलचा श्वास आता ऐकू येत होता.

"हॉइट!" व्हर्न दारावर धडाधड मारायला लागला. "दार उघड! माणूस मरतोय इथे!"

बाहेर काहीच फरक नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

गर्दीचा आवाज थांबला होता. फटीतून माणसं दिसत होती. उठत होती, टाळ्या वाजवत होती, तोंडं उघडत होती. आवाज मात्र नव्हता. फक्त बॅटचा.

टक.

मालगाडी पुन्हा गेली.

तीच गाडी. शेवटच्या डब्यावर कुणीतरी खडूने माशाचं चित्र काढलं होतं, ते त्याने मागच्या फटीतून मघाशीच पाहिलं होतं. माशाची शेपटी पुसलेली होती. आताही तशीच होती.

व्हर्नने खाली पाहिलं. फटीतून आलेला उन्हाचा पट्टा एमिलच्या उजव्या बुटावर पडला होता. ड्वायर खेळायला आला तेव्हाही तो तिथेच होता. बरोबर नाडीच्या गाठीवर.

पट्टा सरकलाच नव्हता...

आता मात्र व्हर्न घाबरला. त्याने हाताला येतील त्या नवाच्या पाट्या उचलल्या आणि दिसेल त्या चौकटीत अडकवल्या. पाहुण्यांना नव्व्याण्णव, आपल्याला नव्व्याण्णव. आमच्या गावचे प्रेक्षक एक आकडा चुकला तरी आरडाओरडा करायचे. हे बघून तरी कुणी येईल.

कुणी आलं नाही. कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही.

"व्हर्न," एमिल म्हणाला, "वर बघू नकोस."

वर पाट्या वाजत होत्या.

लोखंडावर लोखंड. एक-एक करून, शांतपणे, कुणीतरी काम करावं तशा.

मग फळी सरकल्याचा आवाज आला.

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर एक बूट आला. काळा, जुन्या पद्धतीचा, वर घोट्यापर्यंत नाड्या असलेला. तिथेच थांबला.

टक. फाऊल.

दुसरा बूट, एक पायरी खाली.

टक.

आणखी एक पायरी...

दार बंद, शिडीवर ते, आणि मधे तो आणि म्हातारा. पळायला जागाच नव्हती. त्याने एमिलला पाठीशी घेतलं आणि दाराला टेकून उभा राहिला. आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला. युद्धातही नाही.

तेव्हा एमिल मागून बोलला. पण व्हर्नशी नाही.

"क्लेम. याला जाऊ दे. घरी माझी पोर वाट बघतेय याची. मी थांबतो."

"पॉप, गप्प बसा!"

"तू गप्प बस. एकदा तरी मोठ्यांचं ऐक, गाढवा."

शिडीवरचा बूट थांबला.

खूप वेळ काहीच झालं नाही. बॅटचाही आवाज आला नाही.

मग व्हर्नच्या खांद्याला घासून काहीतरी खाली पडलं आणि खणखणलं. शून्याची पाटी. आपोआप सुटून पडली होती. त्याच क्षणी गर्दीचा सगळा आवाज एकदम अंगावर आला, आणि बाहेरची कडी निघाली.

उजेड. गवत. हॉइटचा चेहरा.

"पाणी हवंय का?" हॉइट म्हणाला. मग त्याचं एमिलकडे लक्ष गेलं. "अरे देवा!"

व्हर्नने म्हाताऱ्याला खांद्यावर टाकलं आणि मैदानातून धावत सुटला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रुग्णवाहिका आली. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर संपलं होतं.

एमिल वाचला. नऊ वर्षं जगला.

व्हर्न इथे थांबला आणि त्याने थंड झालेली कॉफी प्यायली. हार्लनला गप्प बसवत नाही, म्हणून तोच बोलला.

"पण व्हर्न, मी होतो की त्या दिवशी. सहावा डाव पाच मिनिटांत आटपला. आणि आकडे बरोबर होते. नव्व्याण्णव वगैरे काही नव्हतं."

"माहीत आहे. मी तेव्हाच दहा जणांना विचारलं होतं. सगळे हेच म्हणाले."

"उन्हाने डोकं फिरतं माणसाचं."

"मीही हेच धरून चाललोय, त्रेपन्न वर्षं. म्हटलं, काय झालं ते झालं. पॉपना घरी आणलं ना? डोलोरेसला दिलेला शब्द पाळला ना? बस."

"आणि काय बदलला होता म्हातारा!" थेल्मा म्हणाली. "किती गोड झाला होता नंतर."

"हो," व्हर्न म्हणाला. "गोड झाले होते."

त्या दिवसानंतर एमिलने जावयाला एकदाही टोमणा मारला नाही. "धन्यवाद, व्हर्नन," म्हणायचा. पूर्ण नावाने. पुन्हा कधी खेळाचा निकाल विचारला नाही. दिवसभर खुर्चीत बसून दाराकडे बघायचा, आणि कुणी दार उघडून दिल्याशिवाय खोलीबाहेर पडायचा नाही. मरणाच्या दारातून आलेत, म्हणून निवळले, असं डोलोरेस सगळ्यांना आनंदाने सांगायची. व्हर्न मान डोलवायचा.

थेल्मा पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"तुमचा वाद आत्ता मिटवते. माझ्या बाबांची कार्डं आणली आहेत मी या वेळी." तिने रबर लावलेला एक गठ्ठा काढला. तिचे वडील प्रत्येक सामन्याला पेन्सिलीने नोंद ठेवायचे. कोण खेळला, कसा बाद झाला, एकेक चौकोन भरलेला. गारा पडत असतानाही छत्रीखाली बसून त्यांनी नोंद केली होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. "बावीस ऑगस्ट... हे बघ. सहावा डाव. पहिला बाद, झेल. दुसरा बाद, झेल. आणि ड्वायर..."

ती थांबली.

हार्लनने चष्मा लावून कार्ड ओढून घेतलं. सातव्या डावात ड्वायरनंतरचा खेळाडू खेळायला आला होता. सगळं रीतसर.

ड्वायरचा चौकोन कोरा होता.

"लिहायचं राहिलं असेल," हार्लन म्हणाला. "बाथरूमला गेले असतील." त्याने बोटांवर अख्ख्या सामन्याचे बाद मोजले. पुन्हा मोजले. एक कमी भरत होता. मग त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढला.

व्हर्न त्या कोऱ्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने कार्डाला हात लावला नाही.

"म्हणजे तो डाव संपलाच नाही," तो म्हणाला. "मग दार उघडलं कसं?"

थेल्माने त्याच्या हातावर हात ठेवला. "व्हर्न, तू त्यांना बाहेर आणलंस. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तुझ्या खांद्यावर होते."

"पॉप म्हणाले होते, मी थांबतो." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ते शब्दाला पक्के होते गं. मग नऊ वर्षं मी कुणाला पॉप म्हणत होतो?"