कागदामागचं नाव

“ताई, इथं सगळ्यात भारी चित्र कोण काढतं?”

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. बडबडीला (तिला सगळे हेच म्हणत) असल्या पैजा म्हणजे डाव्या हातचा मळ! सुट्टीत ती दोन वेण्या उडवत इस्पितळाच्या चित्रखोलीत मदतीला जायची. मनानं खचलेली माणसं तिथे चित्रं काढून मोकळी होत. पुढे हेच शिकायचं, हे तिचं ठरलेलं. प्रवेशासाठी फक्त स्वतःचं एक चित्र पाठवायचं होतं.

खोली सांभाळणाऱ्या चित्रताईंनी खिडकीकडे बोट केलं. “ती शिंपीण. अकरा वर्षं तोंडातून शब्द नाही. आणि हे बघ, कागदामागे नाव ज्याचं त्यानंच घालायचं. दुसऱ्यानं गंमत म्हणूनही नाही.”

शिंपीण रोज एकच चित्र काढायची. भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेली, अंबाडा घातलेली बाई. मागे नाव मात्र कधीच घालायची नाही.

बडबडीची चित्रकला म्हणजे सगळा आनंदीआनंद. शेवटच्या दिवशी तिनं शिंपिणीचा एक कागद उचलला.

“मावशी, तू थोडीच कुणाला सांगणारेस!”

आणि तिच्या डोळ्यांदेखत मागे झोकात स्वतःचं नाव लिहिलं.

शिंपीण हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तेच चित्र पाठवून तिची निवड झाली. चित्र परत आलं, बाबांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं. बडबडी पेढ्यासारखं गोड तोंड करून चित्रखोलीत बातमी द्यायला धावली. खिडकीपाशी गलका होता. शिंपीण हातवारे करत, फिदीफिदी हसत सांगत होती, “अय्या, खरंच? शप्पथ?”

आवाज बडबडीचा होता.

“आज घरी चालली ती,” ताई म्हणाल्या.

बडबडीला बोलायचं होतं. शब्द सापडायला फार वेळ लागला.

“ताई... ते नाव खोडलं तर?”

ताई ब्रश धूत राहिल्या. “आता नाही खोडता येत. अक्षर तुझंच ना?”

घरी चौकटीतल्या बाईच्या पाठीवर आता दोन वेण्या होत्या.

मग रोज बडबडीचे थोडे शब्द जाऊ लागले. आधी मैत्रिणींची नावं. मग रंगांची.

“काय गं, रेडिओ बिघडला?” जेवताना बाबा म्हणाले. आई खो-खो हसली.

बडबडी उठली. तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. बसली. उरलेले शब्द जपून ठेवले होते, तेवढे काढले.

“आई, बाबा. मी शिकायला जाणार नाही. मी इथेच बसणार.”