साडेएक

“साडेएक वाजले.”

आतल्या खोलीतून आलेला तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. बारीक, किंचित घोगरा, शेवटच्या अक्षरावर रेंगाळणारा. स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता कमलिनीकाकू म्हणायच्या, “दीड म्हणावं गं, सोने. साडेएक नसतं.” आम्ही दुबईत इंग्रजी शाळेत जाणारी मुलं. हाफ पास्ट वन म्हणजे साडेएक, हाफ पास्ट टू म्हणजे साडेदोन, असा आमचा सरळ मामला. मधेच हे दीड आणि अडीच कुठून उपटतात, ते आम्हाला कळायचं नाही.

काकूंची शुभ्रा माझ्या वर्गात होती. अल मनखूलच्या त्या इमारतीत ते वर राहायचे, आम्ही खाली. तिसरीत असताना शुभ्रा तापाने गेली. नंतर आम्ही शारजाला घर घेतलं आणि येणं-जाणं सणासुदीपुरतं उरलं.

मी आता जुनी घड्याळं दुरुस्त करते. इंग्लंडला जाऊन शिकून आले. इथे हौशी लोक भरपूर, त्यामुळे काम कमी पडत नाही. म्हणूनच शुभ्राच्या बाबांनी, गोपीनाथकाकांनी, मला बोलावलं. अल मनखूलची ती इमारत पाडायची होती. बाकीचे भाडेकरू निघून गेले होते, काकांनी मसाल्याचं दुकानही भाच्याकडे सोपवलं होतं. पुण्यात फ्लॅट तयार होता, सामान बांधलं होतं, पण काकू निघायला तयार नव्हत्या. काका फोनवर म्हणाले की बैठकीतलं ते घड्याळ बंद केल्याशिवाय हलवता येत नाही, आणि ती बंद करू देत नाही. मुग्धा, तू या लाइनमधली, तुझं तरी ऐकेल.

शारजातल्या अल नहदाहून निघाले आणि नेहमीसारखी हायवेवर अडकले. घड्याळ मला आठवत होतं. लहानपणी त्याची गंमत वाटायची, कारण त्याला एकच काटा होता.

बैठकीतल्या भिंतीशी ते अजून तसंच उभं होतं. अरुंद, माणसाएवढं उंच, काळपट ओकच्या लाकडाचं. पितळी तबकडीवर नाव कोरलेलं, एडवर्ड हॅस्लम, मार्शफर्ड. गल्फ सोडून निघालेल्या एका साहेबाने ते काकांना देऊन टाकलं होतं, कारण परत इंग्लंडला न्यायची त्याची इच्छा नव्हती.

अठराव्या शतकातला हा हॅस्लम काही मोठा कारागीर नव्हता. गावातल्या लोहाराच्या शेजारी त्याचं दुकान, गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. त्यांना मिनिटं लागायचीच नाहीत, म्हणून तो एकाच काट्याची घड्याळं करायचा. दोन आकड्यांमधल्या जागेचे चार भाग, बस. सव्वा, साडे, पावणे. काकू म्हणायच्या, हे घड्याळ केलंय साहेबाने पण बोलतं मराठी. शिकत असताना मी मुद्दाम मार्शफर्डला गेले होते. तिथल्या छोट्या संग्रहालयात एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी सांगितलं की म्हातारपणी हॅस्लमची नजर गेली. तो हातांनी चाचपून चाकं घासायचा, आणि किती वाजले ते घरातलं पोर त्याला ओरडून सांगायचं. पोर कुणाचं, पुढे त्याचं काय झालं, ते बाईंना ठाऊक नव्हतं.

असल्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. चावी म्हणजे साखळी ओढून आतलं वजन वर घ्यायचं. एक दिवस चुकला की थांबलं. शुभ्रा गेल्यापासून काकूंनी एकही दिवस चुकू दिला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेल्या नाहीत, आईच्या शेवटालाही नाहीत. काका एकटे जाऊन यायचे.

मी पोचले तेव्हा त्या साखळीच ओढत होत्या. ओढता ओढता गुणगुणत होत्या.

*साखळी ओढिते बाई, वजन चढे वर*
*लेकीच्या गं आवाजानं भरलं माझं घर*

“ये गं मुग्धा,” त्या म्हणाल्या. “तुला बंद करायला आणलंय ना यांनी?”

काका टेप लावलेल्या खोक्यावर बसून होते.

मग काकूंनी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं, सगळं सांगितलं. हे घड्याळ पूर्ण तासाला टोल देतं, अर्ध्याला गप्प असतं. पण दुपारी काटा एक आणि दोनच्या मधोमध आला की शुभ्रा सांगते. रोज सांगते. काकांना कितीदा म्हटलं, ते म्हणतात मला काही ऐकू येत नाही.

“तुझ्या काकांना गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे कुजबुजलं तरी ऐकू येतं,” काकू म्हणाल्या. “घरातलं तेवढं येत नाही.”

काका हसले नाहीत.

“मी वेडी नाहीये गं. एकदा, फक्त एकदा यांनी म्हणावं की हो, ऐकू येतं. मग तू खुशाल बंद कर. मी पुण्याला येते. नाहीतर पाडू देत बिल्डिंग माझ्या अंगावर.”

काकांनी मान खाली घातली. व्हिसा संपत आला होता. पाणी तोडायची नोटीस दारावर लावली होती. काकूंचे पाय सुजलेले मला दिसत होते.

मी माझं काम सुरू केलं. जुनं लाकूड कुरकुरतं, साखळी दात्यांवरून घसरते, घंटेची तार थरथरते. यातल्या कशाचाही आवाज माणसासारखा वाटू शकतो, विशेषतः वाट पाहणाऱ्या कानांना. मी दार उघडून आत टॉर्च मारला. लंबक नीट हलत होता. घंटेवरचा हातोडा काढून बाजूला ठेवला. एसी बंद केला, फ्रीजचा प्लग काढला. जिन्यात जाऊन आले. वरखाली सगळे फ्लॅट रिकामे, दारं उघडी, आत धूळ आणि जुनी कॅलेंडरं. कुठे मूल नव्हतं, टीव्ही नव्हता.

परत आले तेव्हा बैठक तापायला लागली होती. खिडकीबाहेर ऊन पांढरं झालं होतं. काकूंनी मला घड्याळासमोर स्टूल दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसल्या, पदर आवरून, देवळात बसतात तशा.

काटा हळूहळू मधल्या खुणेशी आला.

टिक. टिक.

आधी वास आला. ओल्या लोकरीसारखा, थंड प्रदेशातला. अल मनखूलच्या त्या दुपारी तो कुठून येणार होता?

मग अगदी जवळून, तबकडीच्या मागून नव्हे, माझ्या कमरेच्या उंचीवरून कुणीतरी म्हणालं,

“साडेएक वाजले.”

मी हलले नाही.

काकू हसल्या. हलकेच म्हणाल्या, “दीड, बाळा. दीड.”

टिक. टिक.

“दीड,” आवाज म्हणाला. नवा शब्द तोंडात धरून पाहावा, तसा.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

“तुझं नको गं,” त्या म्हणाल्या. “मला यांचं हवंय.”

काका खोक्यावरून उठले. त्यांच्या हातातला टेप खाली पडून घरंगळत गेला, त्यांनी तो उचलला नाही.

“ऐकू येतं, कमल,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून येतं.”

काकूंनी डोळे मिटले. मग भिंतीला धरून उठल्या, तबकडीवरून पदर फिरवला आणि घरातून बाहेर पडताना म्हणतात तसं म्हणाल्या, “येते हं मी.” मग मला म्हणाल्या, “थांबव.”

मी आत हात घालून लंबक धरला. तो थंडगार होता.

काकू तयार व्हायला आत गेल्या. चालण्यात एक हलकेपणा आला होता. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. कितीतरी वर्षांनी त्या घराबाहेर पडणार होत्या आणि साडी बदलत होत्या.

काका आणि मी वजन उतरवत होतो. इतकी वर्षं हे का लपवलंत, असं मी त्यांना हळूच विचारलं. एक शब्द बोलला असता तर त्या बहिणीच्या लग्नाला गेल्या असत्या.

काकांनी वजन जमिनीवर ठेवलं. आतल्या दाराकडे पाहिलं, ते बंद आहे याची खात्री केली.

“काय सांगणार होतो?” ते म्हणाले. “तो शुभ्राचा आवाज नाही, मुग्धा. बाप आहे मी, ओळखतो ना. शुभ्रा होती तेव्हापासून आहे तो. तीच मला सांगायची, बाबा, घड्याळातली ती मुलगी माझ्या आईला आई म्हणते.”