वर राहिलेला माणूस

दिवे येईपर्यंत बसा असेच. भाचेबुवा, तुम्हीसुद्धा बसा. फोर्कलिफ्टचं लायसन्स हातात पडल्यापासून पाय जमिनीला लागत नाहीत तुमचे. मी ज्या गोदामात गाड्या दुरुस्त करायचो, तिथली गोष्ट आहे ही. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली त्यानेच माझ्यासमोर बसून सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

तो फोर्कलिफ्ट चालवायचा, म्हणून त्याला आम्ही सारथी म्हणायचो. हात असा साफ, की मालावर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळायचा नाही. गेल्या थंडीतला शनिवार. रात्री साडेअकराला दुसरी पाळी सुटली आणि सुपरवायझरने त्याला गाठलं. सकाळच्या ट्रकला एक पॅलेट माल, लाकडी पाटावर रचलेला, कमी पडत होता. शेवटच्या गल्लीत, सगळ्यात वरच्या कप्प्यावर होता तो. "तेवढा खाली काढून ठेव आणि जा घरी," म्हणाला. बाकीचे गप्पा मारत गेटकडे निघाले, हा एकटा आत वळला.

त्या गल्लीत जायचं सारथी होईल तेवढं टाळायचा. का, ते आधी सांगतो.

त्या शनिवारच्या दोन महिने आधी तिथे आमचा बारक्या गेला होता. पॅकिंगवाला. अंगाने काडी, तोंडाने तोफ. वरचं एखादं सुटं खोकं काढायचं असलं की शिडी शोधत कोण बसणार? फोर्कवर, गाडीच्या पुढच्या त्या दोन लोखंडी दातांवर, रिकामं पॅलेट, पॅलेटवर बारक्या, आणि घे वर! हसू नका भाचेबुवा. बऱ्याच ठिकाणी चालतं हे, आणि तिथेच भिंतीवर ठळक लिहिलेलंही असतं की करू नका म्हणून. तर त्या दिवशी बारक्याने चारचौघांत सारथीच्या टकलाची चेष्टा केली होती. सारथीने त्याला वर नेलं, गाडी बंद केली आणि खाली उतरला. "बस आता हवा खात! मी चहा पिऊन येतो." बारक्या आधी हसला. मग हाका मारायला लागला. चहावाल्याकडे त्या ऐकू येत होत्या, आणि सारथी मजेत फुरके मारत होता. शेवटी कंटाळून बारक्या रॅकला धरून उतरायला गेला असणार.

सारथी परत आला तेव्हा तो खाली फरशीवर होता. संपलेला.

आणि सारथीने काय करावं? फोर्क खाली घेतले, पॅलेट रिकाम्या पॅलेटांच्या ढिगात सरकवून दिलं, आणि मग बोंब ठोकली. "मी इथे नव्हतो. आपणच चढला रॅकवर!" झालं. मेलेला माणूस उलटून बोलतो थोडाच. दर सोमवारी सुपरवायझर नव्या पोरांना बजावायचा, बारक्यासारखा आगाऊपणा कराल तर मराल, आणि सारथी मागे उभा राहून मान डोलवायचा.

बारक्याचे वडील गवंडी. उभी हयात परांचीवर काढली, कधी पाय घसरला नाही. आता लोक तोंडावर म्हणायचे, गवंड्याचा मुलगा, आणि उंचीवरून पडतो? म्हाताऱ्याने कोपऱ्यावरच्या बाकावर बसणं सोडलं. सारथी रोज त्याच रस्त्याने यायचा, रोज तो रिकामा बाक बघायचा. शरमेने अर्धा झाला होता गडी. एक वाक्य बोलला असता तर म्हाताऱ्याची मान वर झाली असती. पण जीभ रेटत नव्हती.

तर ती रात्र. गल्लीत एकच दिवा होता. त्याने फोर्क वर नेले, पॅलेटखाली घातले, माल उचलून बाहेर काढला. रोजचंच काम.

आणि गाडी दबली.

थोडीशीच. वर कुणी पाय ठेवावा, तशी.

त्याने हात आखडला. वर बघवेना. खोक्यांच्या मागे काहीतरी सरकलं...

"आलास?"

आवाज चिडलेला नव्हता. भुताचा वाटावा असाही नव्हता. बारक्याचा रोजचाच आवाज होता, फक्त दमलेला.

"पाय भरून आलेत रे..."

सारथीने इंजिन बंद केलं. एक पाय खाली टेकवला. पळायचं. दार समोर दिसत होतं.

"पुन्हा चाललास?"

...

त्याचा पाय तिथेच थिजला. मला म्हणाला, "काका, भीती वाटली नाही हो. लाज वाटली. अंगावर कपडे नसल्यासारखी."

तो परत सीटवर बसला. पट्टा लावला. गाडी चालू केली. लिव्हरला हात लावला... हळू. अगदी हळू. वर कुणी श्वास घेत होतं. फोर्क खाली आले. पॅलेट टेकलं.

गाडी हलकी झाली.

कुणी उतरलं नाही. दिसलं तरी नाही. नुसती खोकी.

सारथी घरी गेला नाही. पहाटेच्या अंधारात त्याने म्हाताऱ्याचं दार वाजवलं. कडी निघाली, दार उघडलं, आणि तो उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच बोलून गेला. पॅलेट, चहा, हाका, सगळं. काही गाळलं नाही.

म्हाताऱ्याने एवढंच विचारलं.

"म्हणजे... तो आपणहून नाही चढला?"

"नाही. मी चढवलं. मीच ठेवलं वर. आणि दोष त्याच्यावर ढकलला."

थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं म्हणे त्याला. पण म्हातारा बाजूला झाला.

"आत ये. पायपुसण्यावर पाय देऊ नकोस, बाजूने ये."

सारथीने खाली बघितलं. दाराच्या आत पायपुसणं होतं. त्यावर दोन बुटांचे ताजे ठसे. करडी धूळ, गोदामाच्या वरच्या कप्प्यांवर बसते तसली. चवडे आतल्या बाजूला, कुणी घरी परतल्यासारखे.

म्हातारा एकटा राहायचा. आणि तो अनवाणी होता.