घारसोंड गडावरचा न काढलेला चेहरा

शेवटी गोंदाजी चितारी घारसोंड गडावरून खाली उतरू शकला नाही. पण तूर्त ही गोष्ट कुणाला ठाऊकच नाही असे धरून चालू. त्या पहाटे ती खुद्द गोंदाजीलाही ठाऊक नव्हती.

पिवळा उजेड बुरुजांवर चढत होता, दरीतले धुके गडाच्या कमरेला शेल्यासारखे गुंडाळले होते, आणि पूर्वेच्या तटावरून गोंदाजीला पायथ्याच्या वाडीत आपल्या दारापुढचा मांडव स्पष्ट दिसत होता. गोरज मुहूर्तावर त्याच्या लेकीचे, चिमाईचे, लग्न होते. वाट घटकाभराची, मध्ये फक्त एक दरवाजा.

त्या दरवाजाची कथा अशी. शत्रूची फौज नदीपलीकडे तळ देऊन बसली होती आणि गडाचा परवलीचा शब्द दर खेपेस तिकडे पोचत होता. तेव्हा किल्लेदार मुधोजीराव धायगुडे यांनी सदरेवर फर्मावले, की शब्द फितूर होतो, चेहरा होत नाही. सबब गडावरील प्रत्येक माणसाची तसबीर दरवाजावर ठेवावी, आणि जो तिच्याशी जुळेल त्यालाच दिंडीदरवाजातून आत-बाहेर सोडावे. गोंदाजीने चिंचेच्या काड्या मडक्यात जाळून कोळसा केला आणि झाडून सारा गड कागदावर उतरवला; मानकऱ्यांच्या गालांवर हिरमंजीच्या खडूने तेजही चढवले. सबनीसांनी हट्टाने नाक लहान करून घेतले होते. तेव्हापासून दरवाजावरचा तुळाजी नाईक त्यांना ओळख देईना, आणि सबनीस गडावरच अडकून पडले.

या कामात गोंदाजीला एक गोष्ट खटकली होती. दाढीवाले वैद्यबुवा आणि गुळगुळीत तोंडाचा शिकलगार वेगवेगळ्या दिवशी समोर बसले, पण दोघांचा डावा कान एकच होता: पाळीला खाच, वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी. त्याने सदरेवर मुजरा करून हे कानावर घातले. मुधोजीराव हसले. वैद्यबुवांच्या काढ्याने त्यांचा दमा बसला होता आणि शिकलगाराने त्यांच्या तलवारीला धार दिली होती. ही दोन्ही कामे एकटाच माणूस करीत असेल तर त्याला वस्त्रे द्यायला हवीत, असे ते म्हणाले.

आता लग्नाचे गाठोडे घेऊन गोंदाजी दरवाजाशी आला, तो पुढे वैद्यबुवा उभे. काल याच बुवांना चोरदिंडीचे, म्हणजे गडाच्या छुप्या वाटेचे, दगड चाचपताना त्याने पाहिले होते. हा माणूस खाली गेला, तर रात्री शत्रू वर येणार, आणि येता येता वाडी जाळणार, मांडवासकट.

तुळाजी वैद्याची तसबीर न्याहाळत होता. गोंदाजीने पुढे होऊन तिच्यावरून तळवा फिरवला. चिंचेचा कोळसा तो. दाढी, डोळे, कान, साऱ्याचा धूर झाला.

तुळाजीने कोरा कागद उलटसुलट केला. "वैद्यबुवा, आपण आता नाही आहात. मागे फिरा."

बुवांनी शांतपणे दाढी उपटली. "मग मी शिकलगार."

तुळाजीने शिकलगाराचा कागद काढला, हनुवटी ताडून पाहिली. "जुळतंय," म्हणत अडसराला हात घातला.

"अरे, त्यानं दाढी तुझ्यासमोर काढली."

"दाढी काढू नये असा हुकूम नाही, गोंदा."

गोंदाजीने त्या कागदावर झडप घातली. हेराची कट्यार त्याच्या उजव्या पंजातून आरपार जाऊन कागदाखालच्या फळीत रुतली. तरी त्याने हात मागे घेतला नाही. त्याच खिळलेल्या, रक्ताळलेल्या हाताच्या बोटांनी तो चेहरा पुसत राहिला, नाक गेले, तोंड गेले, शेवटी तो कान गेला. मग तुळाजीने अडसर पुन्हा लावला. "आता याचा एकही कागद उरला नाही," असे म्हणून त्याने हेराला मुसक्या बांधून सदरेकडे नेले.

हेर कबूल झाला, चोरदिंडी चिणली गेली, गड वाचला. मुधोजीरावांनी गोंदाजीच्या पट्टी बांधलेल्या हातात चांदीचे कडे घातले. दुपार कलली तसा तो कडे सावरीत दरवाजाशी आला.

"तुझा कागद?" तुळाजीने विचारले.

दोघांनी ढीग उपसला. सारा गड त्यात होता. गोंदाजी नव्हता. त्याने डाव्या हाताने स्वतःला काढून पाहिले; तुळाजीने ती तसबीर प्रामाणिकपणे ताडून पाहिली आणि तिच्याशी जुळणाऱ्या पखालीच्या रेड्याला बाहेर सोडले.

"तुळाजी, मी तुझा सख्खा मावसभाऊ."

"म्हणून तर वाईट वाटतंय."

मुधोजीरावांनाही वाटले. पण ज्या नियमाने गड राखला, तो गोंदाजीसाठीच मोडला तर गोंदाजीच्याच पराक्रमाला बट्टा लागेल, असे ते गहिवरून म्हणाले. खालून दुसरा चितारी आणावा, तर त्याची तसबीर दरवाजावर नव्हती.

पहारा बदलला. तुळाजीने नवा फेटा बांधला, कारण त्याचा कागद होता आणि लग्नाचे आवतणही. "चिमाईला काय सांगू?" त्याने विचारले. खाली सनई सुरू झाली होती. गोंदाजी सबनीसांकडे गेला, तेही रिकामेच बसले होते, आणि त्याने त्यांच्याकडून अर्ज लिहवून घेतला:

"श्रीमंत किल्लेदार साहेबांचे सेवेसी, गोंदाजी चितारी याचा दंडवत. विनंती ऐसीजे, सेवकाचा उजवा हात बरा होऊन सेवकाची तसबीर सेवकाच्या हातून पुरी होईतो, वाडीतील मांडवात अंतरपाट धरून ठेवण्याची, मंगलाष्टके सावकाश म्हणण्याची, आणि सूर्यास गडाच्या पश्चिम सोंडेवर अडवून धरण्याची आज्ञा व्हावी."