गेणबा पेंटरचं जाड अक्षर

हृतिक, तो मोबाइल खाली ठेव आधी, म्हंजी हा आबा सांगतो. ज्ञानेश माझा सख्खा भाचा. खुटबावला त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय. त्याच्याच घरात घडलेलं हाय हे.

मागल्या डिसेंबरची सोळा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिशी त्याच्या अंकिताचा पाचवा वाढदिवस. सांजच्याला साडेसहाला ज्ञानेश शिडी घेऊन फाट्यावर गेला, पोरीचा फ्लेक्स बांधला, केकची ऑर्डर दिली आन् घरी आला.

त्या फ्लेक्सवरचं अक्षर गेणबा पेंटरचं. तुम्हाला कुठला आठवणार, वारून सात वर्सं झाली त्याला. उभी हयात कारखान्यात मशिनींवर नंबर टाकले. अक्षर कसं, तर विटा रचल्यावानी जाड, चौकोनी. गोलाईसुद्धा काटकोनात. ट्रॉलीवर, पाण्याच्या टाकीवर लाल ऑइलपेंटनं काढलं की लांबनं वाचाया यायचं. पण माणसाचं नाव त्या अक्षरात काढाया तो कवाच तयार व्हायचा न्हाई. लग्नघरच्या भिंतीवर नवरानवरीचं नाव बारीक, वळणदार काढायचा. "जाड अक्षर लोखंडाला पेलतं. माणसाला न्हाई," म्हणायचा.

आमच्या शहाण्यानं ट्रॉल्यांचे फोटो काढून ते अक्षर कॉम्प्युटरात घेतलं. जुन्याची फॅशन आलीया म्हणं! आन् पहिलं नाव टाकलं ते पोटच्या पोरीचं. मला लई राग आला व्हता, पण ऐकतंय कोण?

पावणेआठला पोरगी ताटावरच आडवी झाली.

"पप्पा, छातीवर कुणीतरी बसलंय."

ताप न्हाई. खोकला न्हाई. श्वास मातर थांबत थांबत... ओठ निळे पडाया लागले. दौंडच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची गाडी बोलावली, ती येईना. ज्ञानेशची आई, माझी भण सोजरबाई, तिला गेणबाचं बोलणं आठवलं. वरडली, "तो फ्लेक्स काढ रं आधी!" बायकू सुवर्णा पोरीपाशी बसली. हा पळाला.

फाट्यावर लाइट न्हवती. शिडी लावली. दोऱ्या कापल्या.

फ्लेक्स पडंना.

ओढला. हलंना. दोन किलोचा नसंल तो... मग कटरनं नुसतं नावच कापलं. नावाचा तुकडा खाली पडला.

लोखंडी पत्रा पडावा तसा आवाज झाला.

मग... काहीच न्हाई. रातकिडा पण न्हाई.

फोन वाजला. सुवर्णा रडत व्हती. "अहो... उठून बसली. पाणी मागतीया."

गडी घरी आला, पोरीला पोटाशी धरलं, ढसाढसा रडला. सोडली, तर त्याच्या सदऱ्याला लाल ऑइलपेंट. ओला. पोरीच्या फ्रॉकवर, बरोब्बर छातीवर, मोठ्या माणसाचा पंजा. पाची बोटं.

घरात रंगाचा थेंब न्हाई. सुवर्णा जागची हलली न्हवती.

"आबा... तो हात दाबत व्हता, का उचलत व्हता?"

हृतिक, फ्रॉक मी बघितलाय. रॉकेलनं घासला तवा बोटं गेली. तळवा अजून ओला हाय.